नहशोन: नाव सापाचं, ओळख समुद्राची

ऑफिसमधे एका इस्रायली टीमबरोबर काम सुरू झालं तेव्हाची गोष्ट. पहिल्याच व्हिडिओ कॉलला एका चौकटीखाली एक नाव दिसलं, रोमन अक्षरांत, मधे सीएच आणि त्याला चिकटून एसएच, आणि मी आपली शाळेत शिकवल्यासारखं जे दिसतंय ते वाचायचं म्हणून 'नॅचशॉन' अशी हाक मारून मोकळी झाले. तो बिचारा दोन आठवडे ओ देत राहिला. तिसऱ्या आठवड्यात मात्र म्हणाला, अगं आमच्या हिब्रूत मुळात च नाहीच, तो घशातून घासून काढायचा ख आहे, आणि जोर शेवटी द्यायचा, नाख्-शोन. मी दोनचार वेळा म्हणून बघितलं, तो हसला, म्हणाला जमलं. मग मी सहजच विचारलं की अर्थ काय रे, तर म्हणाला "साप." आणि जरा थांबून, "पण आमच्याकडे हे नाव ऐकून साप कुणालाच आठवत नाही, सगळ्यांना समुद्रात शिरणारा माणूस आठवतो."

आता असं काही ऐकलं की मला राहवत नाही. घरी येऊन शोधायला बसले तर बाळांच्या नावांच्या याद्यांमधे तीन वेगवेगळे अर्थ. एकीकडे 'शकुन बघणारा, जादूटोणा करणारा', दुसरीकडे 'साप', तिसरीकडे 'धाडसी, पुढाकार घेणारा'. कुठलातरी एक बरोबर आणि बाकीचे थापा असतील असं मला आधी वाटलं, पण तसं नाहीये, तिन्ही बरोबर आहेत, फक्त ते एकाच नावाचे वेगवेगळ्या मजल्यांवरचे अर्थ आहेत आणि याद्यावाल्यांनी जिना न दाखवता सगळे एकाच ओळीत टाकून दिलेत. तो जिना दाखवायचा हा प्रयत्न.

आधी तळमजला, म्हणजे अक्षरं. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि बहुतेक स्वर लिहीतच नाहीत, त्यामुळे हे नाव कागदावर फक्त पाच अक्षरांचं आहे: नून, हेत, शीन, वाव, नून. यातलं हेत म्हणजे ती घशातली गंमत. जुन्या उच्चारात तो खोल ह होता, अरबीत 'हाकीम'मधला असतो तसा, आणि आजच्या इस्रायलमधे बहुतेक लोक त्याचा ख करतात. म्हणून मराठी बायबलमधे हे नाव नहशोन असं छापलेलं दिसतं आणि तेल अवीवच्या रस्त्यावर नाख्शोन असं ऐकू येतं, दोन्ही एकच. ग्रीक भाषांतरवाल्यांची तर अजून पंचाईत, त्यांच्याकडे ना तो ह ना तो श, म्हणून तिथे ते झालं नासोन. जुन्या इंग्रजी बायबलमधे याच एका माणसाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं, म्हणजे आपण एकटेच गोंधळलो नाही याचं समाधान.

पुढचा मजला धातूचा, म्हणजे व्याकरणातल्या धातूचा, पण गंमत अशी की इथे खरोखरचा धातूही येतो, थांबा सांगते. हिब्रू आणि अरबी या सख्ख्या बहिणी, आणि दोघींची शब्द बनवायची पद्धत एकच, तीन व्यंजनांचा सांगाडा घ्यायचा आणि त्यात स्वर भरून शब्द काढत जायचे. आपल्याला हे अनोळखी नाही, आपण रोज वापरतो ते हुकूम, हाकीम, हुकमत हे सगळे ह-क-म या एकाच सांगाड्याचे, अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेले. तसाच हिब्रूत न-ह-श. यातून 'नाहाश' म्हणजे साप, एदेन बागेत हव्वेशी बोलणारा तो हाच नाहाश. यातूनच 'निहेश' म्हणजे शकुन बघणं, बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाचा चांदीचा प्याला आहे ना, ज्यात बघून तो भविष्य सांगतो असं त्याचा कारभारी म्हणतो, तिथे हेच क्रियापद आहे, आणि लेवीय पुस्तकात शकुन बघू नका अशी जी बंदी आहे तिथेही हेच. आणि 'नेहोशेत' म्हणजे तांबं किंवा कांसं. साप, शकुन, तांबं. तिन्ही सारख्याच व्यंजनांचे, पण ते खरंच एका आईची लेकरं की नुसते एका चाळीत राहणारे, यावर अभ्यासकांचं अजून भांडण चालू आहे. कुणी म्हणतं साप फुसफुसतो आणि मांत्रिक पुटपुटतो म्हणून नातं, कुणी म्हणतं योगायोग.

अरबीत श चा स होतो, शालोमचं सलाम आणि सूर्य म्हणजे शेमेशचं शम्स (इथे शेवटचा श बदलतो), त्याच नियमाने तिकडे तांब्याला 'नुहास' म्हणतात. आणि अरबीत अपशकुनाला 'नहस', ज्यावरून आलेला 'मनहूस' हिंदी सिनेमातल्या प्रत्येक सासूने एकदा तरी सुनेला म्हटलेला आहे. म्हणजे बघा, व्यंजनांच्या बाजूने मोजलं तर आमचा हा नाख्शोन आणि मनहूस शेजारीच निघाले. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

तांबं आणि साप यांची सांगड बायबलनेच एके ठिकाणी घातलीय. गणना पुस्तकाच्या 21व्या अध्यायात वाळवंटात लोकांना विषारी साप चावायला लागतात, तेव्हा मोशे, म्हणजे मिसरमधून (इजिप्तमधून) इस्रायली लोकांना बाहेर काढणारा त्यांचा पुढारी, तांब्याचा एक साप करून खांबावर लावतो, त्याच्याकडे बघेल तो जगतो. हिब्रूत तो 'नेहाश नेहोशेत', मोठ्याने म्हणून बघा, शब्दांचा खेळ कानालाच कळतो. पुढे कित्येक शतकांनी लोक त्याच सापाला धूप जाळायला लागले म्हणून हिज्कीया राजाने तो फोडून टाकला, आणि तिथे त्याचं नाव दिलंय नहुश्तान. दक्षिण इस्रायलमधे तिम्ना नावाच्या जुन्या तांब्याच्या खाणी आहेत, तिथल्या एका देवळाच्या जागी 1969 साली उत्खननात खरोखरचा तांब्याचा एक छोटा साप सापडला, वीतभरसुद्धा नाही, डोक्याला सोन्याचा मुलामा. तो मोशेचा होता असं कुणी शहाणा म्हणत नाही, पण त्या भागात तांब्याचे साप करून देवाजवळ ठेवायची रीत होती एवढं नक्की कळतं.

मग नावाच्या शेवटचा 'ओन' काय? तो प्रत्यय. शेमेश म्हणजे सूर्य, त्याला ओन लागून शिमशोन, ज्याला आपण सॅमसन म्हणतो. आजच्या हिब्रूत हा प्रत्यय लाडाचा किंवा लहानपणाचा आहे, दोव म्हणजे अस्वल आणि दुबोन म्हणजे टेडी. त्या हिशोबाने नहशोन म्हणजे सापुल्या, नागोबाचं पिल्लू. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या टोळीप्रमुखाला सापुल्या म्हणणं जरा कसंतरीच वाटतं, पण बायबलमधली निम्मी माणसं प्राण्यांच्याच नावांची आहेत. योना म्हणजे कबूतर, दबोरा मधमाशी, राहेल मेंढी, शाफान म्हणजे खडकात राहणारा सशासारखा एक प्राणी, अखबोर चक्क उंदीर आणि शखेमच्या बापाचं नाव हमोर, म्हणजे गाढव. अम्मोनी लोकांचा एक राजा तर नुसता नाहाश, प्रत्ययबित्यय काही नाही, सरळ साप. आपल्याकडे शेषराव, नागोराव, नागनाथ ठेवताना कुणी दचकत नाही ना, तसंच. साप म्हणजे फक्त सैतान हे समीकरण नंतरचं, जुन्या लोकांना त्यात हुशारी आणि चपळाई दिसत असावी.

इथवरचे अर्थ शब्दकोशाचे. पण नाव शब्दकोशात जगत नाही, माणसात जगतं, आणि या नावाचा माणूस संपूर्ण हिब्रू बायबलमधे एकच आहे.

नहशोन बेन अम्मीनादाब. बेन म्हणजे मुलगा, अरबी बिन तोच. यहूदाच्या वंशातला. त्याची बहीण अलीशेबा ही अहरोनाची बायको, म्हणजे मोशेच्या सख्ख्या भावाचा हा मेहुणा (एलिझाबेथ हे नाव या अलीशेबावरून आलं बरं का). मिसरमधून सुटून लोक सीनायच्या वाळवंटात आल्यावर मोजणी होते तेव्हा यहूदाच्या वंशाचा प्रमुख म्हणून याचं नाव येतं, लढू शकतील असे पुरुष 74,600, बारा वंशांत सगळ्यात जास्त, आणि छावणीत यांचे तंबू पूर्वेला, कूच करायची वेळ आली की यांचाच निशाण पुढे. निवासमंडपाचं, म्हणजे वाळवंटातल्या तंबूच्या देवळाचं, उद्घाटन झाल्यावर बारा प्रमुखांनी बारा दिवस रोज एकेकाने अर्पणं आणली, त्यात पहिल्या दिवशी हाच. चांदीचं ताट 130 शेकेल वजनाचं, चांदीचा कटोरा 70 शेकेलचा, धुपाने भरलेलं सोन्याचं धूपपात्र 10 शेकेलचं, शिवाय गोऱ्हा, मेंढे, बकरे, कोकरं. आणि पुढचे अकरा दिवस बाकीचे अकरा जण हुबेहूब तेच घेऊन येतात आणि लिहिणारा न कंटाळता प्रत्येकाची सगळी यादी पुन्हा लिहितो, त्यामुळे तो अध्याय 89 ओव्यांचा झाला, तोरामधला, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतला, सगळ्यात लांब. लग्नातली आहेराची वही वाचल्यासारखं वाटतं.

पण त्या आहेराच्या वहीत एक बारीक गोष्ट आहे आणि यहुदी पंडितांची नजर नेमकी तिथे गेली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक नावापुढे 'सरदार' अशी पदवी आहे. फक्त पहिल्या दिवशी, नहशोनच्या नावापुढे, काहीच नाही, नुसतं 'यहूदा वंशाचा नहशोन बेन अम्मीनादाब'. का बरं? त्यांचं उत्तर असं की पहिला मान मिळाला म्हणून याने शेफारून जाऊ नये. मला हे वाचून आमच्या गावच्या पालखीची आठवण झाली, पहिला खांदा कुणाचा यावरून दर वर्षी दोन आळ्या तोंडं फिरवतात. असो.

नहशोनचा मुलगा सल्मोन, त्याचा बवाज, ज्याच्या शेतात रूथ सरवा वेचायला येते, त्याचा ओबेद, त्याचा इशाय आणि इशायचा धाकटा मुलगा दावीद राजा. म्हणून रूथच्या पुस्तकाच्या शेवटी जी वंशावळ आहे तिच्यात नहशोन आहे, आणि नव्या करारात मत्तय आणि लूक येशूची वंशावळ देतात तिथेही आहे. बायबलमधे याच्याबद्दल आहे ते जवळपास एवढंच. बहीण, मोजणी, आहेर, वंशावळ. समुद्र? समुद्राचं नाव नाही! निर्गम पुस्तकाच्या 14व्या अध्यायात तांबडा समुद्र दुभंगतो तिथे सगळी दृश्यं आहेत, मागे मिसरच्या राजाचे, फारोचे रथ, पुढे पाणी, लोकांचा आक्रोश, मोशेचा उगारलेला हात, रात्रभर वाहणारा पूर्वेचा वारा, पण नहशोन हा शब्दसुद्धा नाही.

मग तो माणूस समुद्रात शिरला कुठून? तर मिद्राशमधून. मिद्राश म्हणजे काय हे समजायला आपल्याला अवघड जाऊ नये, मूळ ग्रंथात जिथे फट आहे तिथे पुढच्या पिढ्यांचे गुरुजन कथा भरतात आणि ती भरताना ग्रंथातल्याच शब्दांचे धागे वापरतात, आपल्या कीर्तनात बुवा एका ओवीवरून आख्यान लावतात त्याच जातीचं काम. इथली फट अशी होती. निर्गम 14मधे देव मोशेला म्हणतो, माझ्याकडे काय ओरडतोस, लोकांना सांग पुढे चला. पण पुढे तर पाणी आहे! पुढे चला म्हणजे कुठे? आणि पाण्यात पहिलं पाऊल कुणी टाकलं?

तालमुद म्हणजे यहुदी गुरूंच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, त्याच्या सोता नावाच्या भागात यावर दुसऱ्या शतकातल्या दोन गुरूंचा वाद आहे आणि तो मला फार आवडतो. रब्बी मेईर म्हणतात की सगळे वंश मी आधी मी आधी करत भांडत होते, तेवढ्यात बन्यामीनचे लोक उडी मारून पुढे गेले, तर यहूदाच्या सरदारांनी त्यांना दगड मारले. रब्बी यहूदा म्हणतात, छे, असं काही झालंच नाही, प्रत्येक जण म्हणत होता मी नाही आधी उतरणार, मी नाही आधी उतरणार. (मला हाच जास्त खरा वाटतो, सोसायटीच्या मीटिंगला सेक्रेटरी कोण होणार विचारल्यावर काय होतं ते मी बघितलंय.) आणि असं सगळे काठावर उभे राहून एकमेकांकडे बघत असताना नहशोन बेन अम्मीनादाब उठला आणि पाण्यात उतरला.

आता इथे जरा थांबून चित्र बघा, कारण लोक ही गोष्ट सांगताना 'त्याने उडी मारली आणि समुद्र दुभंगला' असं एका दमात सांगून टाकतात आणि मधलं सगळं गाळतात. तो उतरला आणि काहीच झालं नाही. घोट्यापर्यंत पाणी, काही नाही. गुडघा, कंबर, काही नाही. छातीपर्यंत. मागे लोक बघतायत, त्यांच्या मागे रथांची धूळ. तालमुद म्हणतं त्या क्षणाबद्दलच स्तोत्रसंहितेच्या 69व्या स्तोत्रात लिहिलंय, देवा मला वाचव, पाणी माझ्या गळ्याशी आलंय, चिखलात मी रुततोय आणि पाय टेकायला जागा नाही. आणि मोशे काय करतोय? काठावर उभा राहून लांबच्या लांब प्रार्थना म्हणतोय. तेव्हा देव त्याला म्हणतो, अरे माझी लाडकी माणसं तिकडे बुडतायत आणि तू इथे प्रार्थना लांबवत बसलायस? मोशे म्हणतो, मग मी करू तरी काय. देव म्हणतो, लोकांना सांग पुढे चला, आणि तू काठी उचल.

दुसऱ्या एका मिद्राशने याच्याही पुढे जाऊन शब्द पकडलाय. ग्रंथात लिहिलंय की लोक 'समुद्राच्या मधे कोरड्या जमिनीवर' चालले. समुद्र असेल तर कोरडं कसं आणि कोरडं असेल तर समुद्र कसा? उत्तर असं की आधी खरंच पाण्यात जावं लागलं, पार नाकापर्यंत आल्यावरच ते कोरडं झालं. आपण नाकातोंडात पाणी जाणं म्हणतो ना, अक्षरशः ते.

बरं, बाराजणांत नेमका नहशोनच का निवडला या गुरूंनी? हे मला खूप वेळ कळत नव्हतं, मग लक्षात आलं की त्यांनी शेवटाकडून सुरुवातीकडे विचार केलाय. राजघराणं यहूदाच्या वंशाला मिळालं, दावीद त्यांच्यातला, ते का? आहेराच्या पहिल्या दिवसाचा मान यहूदाच्या प्रमुखाला मिळाला, तो का? काहीतरी मोठं काम आधी केलं असलंच पाहिजे. आणि 114व्या स्तोत्रात लागोपाठ दोन गोष्टी आहेत, 'यहूदा त्याचं पवित्रस्थान झाला' आणि लगेच पुढे 'समुद्राने पाहिलं आणि तो पळाला'. समुद्राने काय पाहिलं? यहूदाचा माणूस पाण्यात येताना पाहिला. झालं, धागा जुळला. त्यावेळी यहूदाचा प्रमुख कोण, तर नहशोन. कथा हवेतून नाही आली, हिशोब जुळवत आली.

आणि इथे नावाचा अर्थ पालटला. मिद्राश रब्बामधे सरळ प्रश्न विचारलाय, याला नहशोन का म्हणतात? आणि उत्तर दिलंय, कारण हा सगळ्यांच्या आधी समुद्राच्या 'नहशोल'मधे उतरला. नहशोल म्हणजे मोठी उसळती लाट. नहशोन, नहशोल, शेवटचं एक अक्षर बदललं की साप गेला आणि लाट आली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती टिकत नाही, जन्मल्यावर आईबापाने ठेवलेलं नाव ऐंशीव्या पानावरच्या पराक्रमावरून कसं असेल, पण लोकांना हीच पटली. खऱ्या व्युत्पत्तीला कुणी विचारलं नाही. आपल्याकडेही गावांच्या नावांच्या अशा कितीतरी व्युत्पत्त्या देवाच्या किंवा राक्षसाच्या गोष्टीवर जाऊन थांबतात आणि गावकऱ्यांना तीच खरी वाटते.

जाता जाता बापाच्या नावाबद्दल, कारण ते कुणी बघतच नाही. अम्मीनादाब, यात 'अम्मी' म्हणजे माझे आप्त, माझी माणसं, आणि 'नादाव' म्हणजे आपणहून दिलं, खुशीने दिलं. आज हिब्रूत स्वयंसेवकाला मितनादेव म्हणतात तो याच सांगाड्यातला. म्हणजे आपणहून पुढे येण्याचा अर्थ घरात होताच, फक्त तो मुलाच्या नावात नसून बापाच्या नावात होता. कथा सांगणाऱ्यांच्या कानावर हे पडलं नसेल असं मला तरी वाटत नाही.

हिब्रू अक्षरांना आकडेही असतात, त्याला गेमात्रिया म्हणतात. नाहाश म्हणजे साप याची बेरीज 50 अधिक 8 अधिक 300, म्हणजे 358. आणि माशियाख म्हणजे मसीहा, त्याचीही बेरीज 358. गूढवादी लोक यावर खूप खूश असतात, साप आणि तारणहार एका आकड्याचे, आणि वर दावीदाचा पूर्वज सापाच्या नावाचा. मला अंकशास्त्र आपल्याकडचंही पटत नाही आणि त्यांच्याकडचंही, पण बेरीज करून बघितली आणि बरोबर निघाली एवढं सांगते.

नाव दुर्मिळच राहिलं. अब्राहाम, योसेफ, दावीद घरोघरी, नहशोन क्वचित. एक मोठा माणूस सापडतो तो नवव्या शतकात, आजच्या इराकमधल्या सुरा इथल्या विद्यापीठाचा प्रमुख, गाओन नहशोन बार सादोक. याचं काम पंचांगाचं. यहुदी पंचांग आपल्यासारखंच, महिने चंद्राचे आणि वर्ष सूर्याला धरून, म्हणून अधिक महिना टाकावा लागतो, 19 वर्षांत 7 वेळा. या नहशोनच्या नावाने ओळखलं जाणारं चक्र आहे 247 वर्षांचं, म्हणजे 19ची 13 आवर्तनं, तेवढी वर्षं गेली की सण आणि वार जवळजवळ तसेच्या तसे परत येतात. जवळजवळ, कारण तासाभरापेक्षा थोडा कमी फरक उरतो, पन्नास मिनिटांचा, आणि त्याने कधीकधी घोटाळा होतो. दाते पंचांगवाल्यांशी याची छान गट्टी जमली असती.

मग विसाव्या शतकात हिब्रू पुन्हा बोलीभाषा झाली आणि नहशोन हे नुसतं नाव न राहता शब्दच झाला. कुणीच करत नाही ते आधी करणारा तो नहशोन. आपण भगीरथ प्रयत्न म्हणतो, कर्ण म्हणजे दानशूर म्हणतो, तसं. 1930च्या दशकात तिथल्या कामगार संघटनेने समुद्रात मासेमारी आणि जहाजं सुरू करायची म्हणून कंपनी काढली तिचं नाव नहशोन. एप्रिल 1948मधे तेल अवीव ते जेरुसलेम रस्ता उघडायला हगाना या यहुदी सैन्याने दीड एक हजार माणसांची मोहीम काढली, तोवर एवढी मोठी कधी काढली नव्हती, तिचं नावही नहशोन. त्या मोहिमेत वाटेवरची अरब गावं घेतली गेली आणि रिकामी झाली, त्यामुळे पॅलेस्टिनी माणसाच्या कानाला हे नाव वेगळंच लागतं, हेही सांगितलं पाहिजे. 1950 साली त्याच पट्ट्यात, लात्रुनजवळ, एक किबुत्झ, म्हणजे सामुदायिक शेतीची वस्ती, वसलं ते नहशोन. आणि इस्रायलच्या तुरुंग खात्यात कैद्यांची नेआण करणारं जे पथक आहे त्याचंही नाव नहशोन, आता यात समुद्र कुठे आला ते मला काही उमगलं नाही.

तर शकुनाचा मजला पार विसरला गेला म्हणता? नाही. 'लेनाखेश' हे क्रियापद आजही रोजच्या वापरात आहे, फक्त देव-भूत उतरून त्याचा अर्थ झालाय अंदाज बांधणं. लहान मूल पाठीमागे मुठी लपवून विचारतं ना, कुठल्या हातात आहे सांग, तिथे हिब्रू मूल म्हणेल, नाखेश.

आणि आपला संबंध? आहे, आणि तो कोकणातून आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून बेने इस्रायल समाज वाढला अशी त्यांची परंपरागत कथा. पोथ्या बुडाल्या, भाषा गेली, 'शेमा' ही प्रार्थना आणि शनिवारची सुट्टी राहिली, म्हणून तेलाचा धंदा करणारे हे लोक शनिवार तेली. समुद्रातून वाचून आलेल्या या माणसांनी जुनी हिब्रू नावं इतकी मराठी करून टाकली की ओळखू येत नाहीत. मुंबईत 1796 साली पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनागृह, बांधलं ते समाजी हसाजी दिवेकर यांनी, म्हणजेच सॅम्युअल इझेकिएल दिवेकर. अब्राहामचं आबाजी, यहेज्केलचं हसाजी. या हिशोबाने नहशोनचं नशाजी झालं असतं, पण मग पोराला गावात कुणी धड जगू दिलं नसतं.

हिब्रू पुन्हा शिकायची वेळ आली तेव्हा तीही मराठीतून. 1832 साली जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं मुंबईत चौपाटीवर कॉलेज आहे तेच, यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. आणि 1846 साली मुंबईत वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हग्गादा नावाची पोथी छापून निघाली, हिब्रू आणि शेजारी मराठी. त्या रात्री मिसरमधून सुटकेची सगळी गोष्ट म्हणतात, आणि सणाच्या सातव्या दिवशी समुद्र ओलांडल्याचं गाणं वाचतात, निर्गमचा 15वा अध्याय. समुद्राने सगळं घेतलं अशी गोष्ट सांगणाऱ्या लोकांनी समुद्र बाजूला झाल्याची गोष्ट मराठीत वाचली, तेव्हा त्यांना कसं वाटलं असेल याचा मी कधीकधी विचार करते.

एक शेवटचं, जे त्या याद्यांमधे कुठेच नसतं. पहिल्या मोजणीत ज्यांची नावं होती त्या वीस वर्षांवरच्या पिढीतले कालेब आणि यहोशवा सोडून कुणीच कनान देशात, म्हणजे जिथे जायला निघाले होते तिथे, पोचले नाहीत, सगळे चाळीस वर्षांत वाळवंटातच गेले. दुसऱ्या मोजणीत तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे नहशोनही नाही पोचला. हे मी माझ्या त्या सहकाऱ्याला पुढच्या कॉलला सांगितलं, तर म्हणाला माहितीये, माझी आजी ही गोष्ट सांगताना नेहमी समुद्राच्या काठावरच थांबायची.

फोनमधे त्याचं नाव मी आता देवनागरीत सेव्ह केलंय. नाख्शोन असंच, बायबलमधला ह न घेता, कारण हाक मारताना मला तो ख विसरायला होतो.